घाईत शिजलेला फासा

ऐका, आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटतो आणि मग मी शेवटच आधी सांगून टाकते. माझं तसंच आहे. लॅबमध्ये मला नावाने कुणी हाकच मारत नाही, 'घाई' म्हणतात. घाई, वाटी दे. घाई, साचा उघड. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव, चिकटलं ते चिकटलंच.

लॅब म्हणजे दातांची. रक्तबिक्त तपासत नाहीत तिथे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात आणि आम्ही कवळ्या करतो. एक जिना चढून गेलं की दोन खोल्या. आतल्या खोलीत प्लास्टर, सिंक आणि कायम गॅसवर असलेलं मोठं पातेलं. बाहेरच्या खोलीत चार टेबलं. त्यातलं एकच टेबल खिडकीला लागून. आता ही सगळी भानगड त्या टेबलाची आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

त्या टेबलाचं एवढं काय, तर समोरचे दात तिथेच होतात. दाढा कुठेही बसून करा, त्यांच्याकडे कोण बघतंय. पण समोरच्या दातांचा रंग जुळवायचा तर बाहेरचा उजेड लागतो. ट्यूबखाली दात खोटं बोलतात, असं मास्तर म्हणायचे. ट्यूबखाली पांढराशुभ्र वाटणारा दात बाहेर गेल्यावर कपबशीच्या तुकड्यासारखा दिसतो. त्यामुळे खिडकीत बसणारा समोरचे दात करणार, बाकीच्यांनी दाढा, दुरुस्त्या, प्लास्टर आणि पॉलिश करायचं. वीस वर्षं त्या खुर्चीवर मास्तर होते.

आणि मग एके दिवशी मास्तर स्वतःच म्हणाले, मला आता दोन रंग सारखे दिसायला लागलेत, मी महिनाअखेरीला थांबतो. एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

झालं. खुर्ची रिकामी होणार. उमेदवार दोन. एक मी, तीन वर्षांची. आणि दुसरा पॉलिशदादा, आठ वर्षांचा. नावातच सगळं आलं. कवळीला आरशासारखी चमक द्यावी तर त्यानेच, आणि तेच त्याच्या मुळावर आलं होतं, कारण एवढं चांगलं पॉलिश करणाऱ्याला तिथून हलवणार कोण? माणूस शांत. इतका शांत की मशीन बंद केलं तरच कळायचं की तो आहे.

आता मला खिडकी का हवी होती ते सांगते, म्हणजे पुढे मला शिव्या घालताना जरा बेताने घालाल. माझ्या आईचे समोरचे वरचे चार दात नाहीत. दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती बोलताना, हसताना तोंडावर हात ठेवते. डावा हात. उजव्या हातात काही ना काही काम असतं. मी म्हटलं, आमच्याच लॅबमधून करून आणते, मास्तरांना विचारलंय, ते करतील. तर म्हणाली, "तुझ्या हातचे होतील तेव्हा लावीन. मुलगी दात करते आणि मी दुसऱ्याच्या हातचे घालून फिरू?"

मी म्हटलं, "अगं, मला समोरचे करायला देत नाहीत अजून."

"मग देतील तेव्हा. तोवर मी हसत नाही. तसंही तुझ्या घरात हसण्यासारखं काय चाललंय?"

तर असं. दोन वर्षं ती थांबली होती आणि मी खिडकीकडे बघत दाढा करत होते.

मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंनी, आम्हा दोघांना समोर उभं केलं. म्हणाल्या, "काम दोघांनाही येतं. मी एकाला बसवलं की दुसरा सहा महिने तोंड पाडून बसणार, आणि पडलेली तोंडं आपल्याकडे आधीच पुष्कळ येतात. तुमचं तुम्ही ठरवा."

पॉलिशदादा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. शेवटी मास्तर म्हणाले, "चाचे खेळा. जिंकेल तो बसेल."

हसू नका. आमच्याकडे सगळं त्यावरच ठरतं. पंखा कुणाकडे वळवायचा, तक्रार घेऊन येणाऱ्या डॉक्टरचा फोन कुणी घ्यायचा, सगळं.

'चाचे' हा मास्तरांनी केलेला खेळ. समुद्री चाच्यांचा. सहा फासे. तेही लॅबचेच, कवळीच्या हिरडीचं जे गुलाबी अ‍ॅक्रिलिक असतं ना, त्याचे. प्रत्येक फाशाला तीन बाजू कोऱ्या, म्हणजे पाणी. आमचा समुद्र गुलाबी आहे. एका बाजूला कोरून काळा रंग भरलेली मोहर, तिचा एक. एका बाजूला पेटी, खजिन्याची, तिचे तीन. आणि सहाव्या बाजूला कवटी. कवटी म्हणजे काय, तर एक खराखुरा बारका नकली दात, खालच्या जबड्याचा, सपाट घासून बसवलेला. काळे डोळे काढले की हुबेहूब कवटी दिसते.

खेळ साधा आहे. सहाही फासे टाकायचे. मोहरा आणि पेट्या तुमच्या गलबतात चढल्या, ते फासे बाजूला. कवट्या आल्या तर त्याही बाजूला, पण त्या तुमच्या मानेवर. उरले पाण्याचे फासे. आता तुम्ही ठरवायचं. 'बंदर' म्हणालात तर मिळालं तेवढं घेऊन घरी. 'पुढे' म्हणालात तर उरलेले फासे पुन्हा टाका. पण एका फेरीत तिसरी कवटी आली की गलबत बुडालं, त्या फेरीतलं सगळं पाण्यात. आधी चाळीस करेल तो जिंकला. आणि आमच्याकडचा खास नियम, हरेल त्याने त्या दिवशीच्या प्लास्टरच्या सगळ्या रबरी वाट्या धुवायच्या. वाळलेलं प्लास्टर नखात जातं, म्हणून लोक जिवावर उदार होऊन खेळतात.

पॉलिशदादा कधी जिवावर उदार नसायचा. त्याला दोन मोहरा मिळाल्या की 'बंदर'. तीन मिळाल्या की 'बंदर'. मुंगीसारखा साठवायचा. आणि मी, म्हणजे तुम्हाला माहितेयच, पुढे, पुढे, पुढे, बुडालं. तीन वर्षांत वाट्या सगळ्यात जास्त मीच धुतल्यात.

आता खरी गोष्ट. खेळाच्या दीड महिना आधी एक फासा सिंकमध्ये गेला. माझ्याच हातून, आणखी कुणाच्या. मास्तर म्हणाले, घालवलास तू, भर तू. मग मी नवीन फासा केला. अ‍ॅक्रिलिक कसं असतं, पावडर आणि लिक्विड कालवायचं, कणकेसारखं झालं की पितळी साच्यात दाबायचं, आणि साचा पाण्यात ठेवून शिजवायचा. आणि शिजवायचा म्हणजे हळू. मास्तरांचा नियम दगडावरची रेघ. आधी कोमट पाणी, मग तासभर गरम, मग उकळी, आणि बाहेर काढायचा नाही, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा. तीन-चार तास जातात. नाहीतर आतलं लिक्विड स्वतःच उकळतं आणि पोटात बुडबुडे धरतं. वरून दिसत नाहीत. कवळी मग चारचौघांत तुटते, आणि मग त्या डॉक्टरचा फोन येतो, आणि मग आम्हाला चाचे खेळावं लागतं.

मला दुपारी जेवणाच्या सुट्टीत खेळायचं होतं. मी काय केलं, साचा थेट उकळत्या पाण्यात टाकला. वीस मिनिटांत काढला. घासला, पुसला, मांडला. किंचित जास्त गुलाबी दिसत होता, पावडरचा डबा नवा होता म्हणून. सगळे त्याला 'नवा' म्हणायला लागले. कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

कळलं ते खेळाच्या आदल्या दिवशी. प्लास्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून आम्ही पाण्यात मीठ घालतो. तसल्या मिठाच्या पाण्याची वाटी सिंकपाशी होती आणि मी म्हटलं, उद्या एवढा मोठा खेळ, फासे धुऊन ठेवू. टाकले वाटीत. पाच तळाला गेले. 'नवा' तरंगत होता. पेटी वर.

मी बोटाने त्याला बुडवला. वर आला, पेटी वर. पुन्हा बुडवला, उलटा करून सोडला. गर्रकन फिरला, पेटी वर. दहा वेळा केलं. दहाही वेळा पेटी. लोक देव पाण्यात घालून बसतात, मी फासा घालून बसले होते.

डोक्यात लख्ख प्रकाश. बुडबुडे पेटीच्या बाजूला अडकलेत. ती बाजू हलकी, समोरची बाजू जड. आणि पेटीच्या समोर काय आहे, तर कवटी. म्हणजे हा फासा कवटी खाली आणि पेटी वर करूनच पडणार.

तिथेच सांगायला हवं होतं. कबूल. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी अ‍ॅक्रिलिक उकळत्या पाण्यात टाकलं? ज्या दिवशी समोरच्या दातांची खुर्ची ठरणार त्याच्या आदल्या दिवशी? आपल्याच हाताने पायावर धोंडा. आणि मी स्वतःला असंही समजावलं की फासा तर दोघांनाही सारखाच आहे. त्याच्याही हातात तोच, माझ्याही हातात तोच. यात लबाडी कुठे आली? तेवढ्यात मागून पॉलिशदादाने विचारलं, "काय करतेयस?" आणि मी असे काही फासे वाटीतून उपसले की पाणी त्याच्या शर्टावर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी एक वाजता, डबे खाऊन झाल्यावर मधल्या टेबलावर बसलो. मास्तर एका बाजूला, मॅडम एका बाजूला, हातात फळा. मॅडमनी फोनचा रिसीव्हर काढून ठेवला होता. यावरून समजा.

पूर्ण खेळ सांगत नाही. तो नेहमीसारखा मुंगी-मुंगी. दोन, बंदर. चार, बंदर. मी दोनदा बुडाले, एकदा तर नऊ घेऊन बुडाले. पण एक गोष्ट माझी मला कळत होती, की मी 'नवा'कडे बघून ठरवतेय. 'नवा' पाण्यावर असला की 'पुढे'. 'नवा' आधीच चढला असला की 'बंदर'. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर मॅडम म्हणाल्यासुद्धा, "आज घाईला अक्कल आलीये. थांबतेय बघा."

मग हे असं झालं. पॉलिशदादा अडतीस. मी बत्तीस, आणि डाव माझा. टाकले सहा. दोन कवट्या. एक पेटी. एक मोहर. दोन पाणी. 'पुढे' म्हटलं, दोन टाकले. एक मोहर, एक पाणी. म्हणजे गलबतात पाच, झाले सदतीस. मानेवर दोन कवट्या. आणि हातात एकच फासा उरला. 'नवा'.

थांबले तर सदतीस, आणि पुढच्या फेरीत पॉलिशदादाला फक्त दोन हवे होते. तो दोन काढणारच. टाकला आणि पेटी आली तर बरोबर चाळीस, मी जिंकले. पाणी आलं तर परत टाकता येणार. कवटी आली तर गलबत पाण्यात.

आणि पॉलिशदादा, जो कधी बोलत नाही, तो बोलला. म्हणाला, "टाकणार ना? टाक. मी नसता टाकला. म्हणून तर आठ वर्षं मी मशीनवर आहे. हिंमत लागते याला, ती तुझ्यात आहे."

तुम्हाला सांगते, त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. कसली हिंमत? मला माहीत होतं काय येणार ते. माझे कान गरम झाले. पण हात थांबला नाही. आईचा डावा हात दिसत होता मला समोर, खरंच. मी 'पुढे' म्हटलं आणि टाकला.

फासा टेबलावर दोनदा उडाला, फळ्याला टेकला, आणि थांबला.

कवटी.

आणि मी काय केलं असेल? गप्प बसले असते तर नुसती हरले असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं कसं? पेटी यायला हवी होती."

पॉलिशदादा म्हणाला, "यायला हवी होती म्हणजे?"

"म्हणजे, मला वाटलं येईल."

मास्तर म्हणाले, "वाटलं नाही. हवी होती म्हणालीस. का हवी होती?"

मी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं. मग सांगून टाकलं. सगळं, एका दमात, उकळत्या पाण्यापासून तरंगण्यापर्यंत. नमनाला घडाभर तेलही नाही, थेट. मॅडमनी खडू खाली ठेवला. मास्तर उठले, आत गेले, मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन आले आणि 'नवा' तिच्यात सोडला. पेटी वर. बुडवला. पेटी वर. मग तो उचलला, पुसला, आणि बारीक चकती लावून मधोमध कापला. दोन अर्धुकं टेबलावर ठेवली. एका बाजूला आतून नुसता स्पंज.

"पाण्यात फिरायला त्याला वेळ असतो," मास्तर म्हणाले. "टेबलावर कुठला वेळ? जास्त वेळा पेटी पडेल, प्रत्येक वेळी नाही. शिकलीस ते अर्धवटच शिकलीस."

लबाडीबद्दल एक शब्द नाही, बरं का. स्पंजबद्दल बोलत होते. त्याने जास्त लागलं.

मॅडम म्हणाल्या, "ठीक. घाई बुडाली. खिडकी पॉलिशची."

तर पॉलिशदादा म्हणाला, "मला अशी नको."

"मग कशी हवी, गिफ्ट पॅक करून?"

"वाकड्या फाशावर माझेही अडतीस झालेत. त्यातल्या किती पेट्या याच्या, काय माहीत?" तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "चांगला फासा करा. गुण आहेत तसेच राहू दे. हिच्या गलबतात पाच, मानेवर दोन कवट्या, हातात एक फासा. तिथूनच पुढे."

मॅडमनी जरा विचार केला. "चालेल. सोमवारी. फासा हीच करेल."

"हीच?" मास्तर म्हणाले.

"हीच. मला बघायचंय कसा करते."

सोमवारी मी नऊ वाजता साचा कोमट पाण्यात ठेवला आणि समोर स्टूल टाकून बसले. दुसरं काम करायचं नाही असं मीच ठरवलं, कारण दुसरं काम घेतलं की मी हे विसरणार. तुम्ही कधी पातेल्याकडे तास-तास बघितलंय? आधी काही होत नाही. मग कडेने बारीक मोत्यांसारखे थेंब धरतात. मग परत काही होत नाही. गॅस मोठा करायला हात सारखा पुढे जायचा, मी तो मांडीखाली घेऊन बसले. पॉलिशदादा दोनदा येऊन गेला. एकदा म्हणाला, "बघून पाणी तापत नाही." मी म्हटलं, "दादा, प्लीज जा."

एक वाजला. बाहेर मॅडमनी रिसीव्हर काढून ठेवला. हाक आली, "घाई, झालं का?"

साचा अजून पाण्यात होता. उकळी होऊन गेली होती, पण पाणी गरम होतं. बोट घातलं तर चटका बसत होता. काढला असता तरी कुणाला कळलं नसतं, कदाचित काही झालंही नसतं. मी बाहेर जाऊन म्हणाले, "गार व्हायचाय अजून. आज नको. उद्या खेळू."

मॅडमनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर सफरचंद कापत होते, ते कापतच राहिले. मग मॅडम म्हणाल्या, "उद्या म्हणतेय ही. ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

मंगळवारी फासा उघडला. मास्तरांनी वाटीत मीठ ओतून ओतून पाणी इतकं खारट केलं की सहाही फासे तरंगायला लागले. माझा फासा एकदा पाणी वर, एकदा कवटी वर, एकदा मोहर वर, कसाही. मास्तरांनी तो उजेडाकडे धरून डोळे बारीक केले, मग मॅडमकडे दिला, कारण त्यांना स्वतःला नीट दिसत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "स्वच्छ आहे."

बसलो. सदतीस-अडतीस, फासा माझ्या हातात. या वेळी काय येणार ते मला अजिबात माहीत नव्हतं. आणि माहितेय का, हात थांबला. शुक्रवारी नव्हता थांबला.

पॉलिशदादा म्हणाला, "बंदर की पुढे?"

"पुढे."

पाणी. सगळ्यांनी श्वास सोडला.

"पुढे."

पाणी.

"पुढे," म्हटलं, आणि मोहर. एक. अडतीस. फासे संपले, बंदरच. अडतीस-अडतीस.

आता त्याचा डाव. पॉलिशदादाने सहा फासे दोन्ही हातांत घेतले, हलवले आणि साधेपणाने टाकले. दोन पेट्या. एक मोहर. एक कवटी. दोन पाणी. संपलं. इतक्या लवकर संपलं की मॅडम खडू घेऊन तशाच उभ्या. माझा हा दुसरा 'नवा' त्यात पाण्यावर पडला होता, म्हणजे त्याला त्याची गरजसुद्धा लागली नाही.

"बंदर," पॉलिशदादा म्हणाला. सवयीने. खेळ संपला होता तरी म्हणाला.

मी आत जाऊन वाट्या धुतल्या. अकरा होत्या. नखात प्लास्टर गेलं. रडले वगैरे नाही, विचारू नका.

घरी आईला सांगितलं, हरले. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "कशी हरलीस?" तेही सांगितलं, स्पंजसकट. ती बराच वेळ डाव्या हातामागे काहीतरी करत होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

महिनाअखेरीला मास्तर गेले. पॉलिशदादा खिडकीत बसला. पहिले चार दिवस तो इतका अवघडून बसायचा की खुर्ची उसनी आणलीय असं वाटायचं. पॉलिशच्या मशीनवर मी. मग एका बुधवारी दुपारी त्याने मशीनचं बटण बंद केलं, मला ऐकू जावं म्हणून, आणि म्हणाला, "आईला कधी आणतेस?"

मी म्हटलं, "कुणाच्या?"

"तुझ्या. मास्तर सांगून गेले. चार दात, वरचे."

"ती माझ्याच हातचे लावणार म्हणते, दादा."

"मग तुझ्याच हातचे. बुधवारी दुपारी माझ्याकडे काम कमी असतं. तू बस खिडकीत, मी मशीनवर बसतो. दोन आठवडे झाले, मला चैन नाही मशीनशिवाय." मग म्हणाला, "मात्र पॉलिश मी करणार. त्यात वाद नाही. आणि शिजवताना मी समोर स्टूल टाकून बसणार."

पुढच्या बुधवारी मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आईचं माप दिलं आणि तिथून आम्ही दोघी लॅबमध्ये आलो. आईला खिडकीशी बसवलं, रंगांची पट्टी तिच्या उरलेल्या दातांशेजारी धरली. एक रंग बरोबर वाटला. पुढचा त्याहून बरोबर वाटला. मी अर्धा तास लावला. आई म्हणाली, "ठरव की कुठलातरी." मी म्हटलं, "थांब ना जरा." ती पॉलिशदादाला म्हणाली, "ही माझीच मुलगी आहे ना?"

दात व्हायला त्यापुढचे दोन बुधवार गेले. शिजवताना तो खरोखर समोर बसला, गॅसच्या बटणावर नजर ठेवून. पॉलिश तर असं केलं की आतल्या बाजूलाही तोंड दिसेल, जिथे जन्मात कुणी बघणार नाही.

आईने लावले. आरशात बघितलं. "बरे आहेत," म्हणाली, आणि हात तोंडावर. मी म्हटलं, "आई, हात." तिने काढला. दोन मिनिटांनी परत गेला. दोन वर्षांची सवय, एका दिवसात थोडीच जाते.

जेवणाची सुट्टी झालीच होती. मॅडम म्हणाल्या, "बसा, एक डाव खेळून जा." नियम सांगितले. आणि आई, जी आयुष्यभर भाजीवाल्याशीसुद्धा जपून बोलते, ती बसली आणि पहिल्याच फेरीत, पुढे. पुढे. पुढे. गलबतात तीन पेट्या, म्हणजे नऊ, मानेवर दोन कवट्या आणि हातात एक फासा. पॉलिशदादा कासावीस होऊन म्हणाला, "काकू, बंदर म्हणा. नऊ पुष्कळ झाले. ऐका माझं."

आई दोन्ही हातांच्या ओंजळीत तो एकच फासा खुळखुळवत होती आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागली. हात दोन्ही गुंतलेले. दोन वर्षांनी मी तिचं हसतं तोंड बघितलं. डावीकडचा दुसरा दात मी केसभर उंच लावलाय, ते मला तेव्हा दिसलं, पुढच्या बुधवारी घासून घेईन.

"पुढे," ती म्हणाली, आणि बुडाली. डावही हरली, पण पाहुणी म्हणून तिच्या वाट्या मीच धुतल्या.